भाचीला हॉटेल मॅनेजमेंटला घालायचे आहे; पदवी तीन वर्षांची घ्यावी की चार वर्षांची?

चोपडा तालुक्यातील एका मामांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची भाची यंदा विज्ञान शाखेतून ६८ टक्के गुण मिळवून बारावी झाली असून तिला हॉटेल व्यवसायात जायचे आहे. बहीण आणि मेहुणे केळी-कापसाची शेती करतात, त्यामुळे शिक्षणाचा बराचसा भार मामांनीच उचलायचे ठरले आहे. मुलीने राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा दिली, पण हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा राहून गेला. मधल्या काळात एका खासगी संस्थेच्या समुपदेशकाने फोन करून ‘कॅपच्या भानगडीत पडू नका, थेट प्रवेश घ्या, चार वर्षांचे नऊ लाख होतील, पण पंचतारांकित हॉटेलात शंभर टक्के नोकरी आहे’ असे सांगितले (कॅप म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया). घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की आचारीच व्हायचे तर पदवी कशाला. घर माळकरी, त्यामुळे मांस-मद्याचे काय, ही आईची काळजी. अशा परिस्थितीत तीन वर्षांची बी.एस्सी. बरी, चार वर्षांची बीएचएमसीटी बरी की बीबीए, असे मामांनी विचारले आहे.

मी मूळची यावल तालुक्यातील. मराठी माध्यमातून शिकून १९९० च्या दशकात हॉटेल मॅनेजमेंट केले. त्या काळी हॉटेल व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय परिषदेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदविकेचा होता, पदवीचा नव्हे. पुढे हाउसकीपिंगमध्ये आणि नंतर प्रशिक्षण विभागात मिळून पंचवीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि आता नाशिक-जळगाव पट्ट्यातील हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षे बसले आहे, म्हणून सांगते: तीन वर्षे की चार वर्षे हा प्रश्न मुलाखतीत जवळजवळ कधीच निर्णायक ठरत नाही. प्रवेश कोणत्या मार्गाने झाला, त्यासाठी घराने किती कर्ज काढले आणि त्या पदवीतील प्रशिक्षणाचे सत्र मुलीने खरोखर कुठे आणि कसे घालवले, या तीन गोष्टींवर पुढची दहा वर्षे ठरतात. त्यामुळे मामांच्या प्रश्नाला मी उलट्या बाजूने हात घालणार आहे.

आधी वडीलधाऱ्यांचा मुद्दा घेते, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही वर्षांपूर्वी मी मुंबईतील एका हॉटेलात असताना आम्ही खानदेशी जेवणाचा महोत्सव भरवला आणि जळगाव जिल्ह्यातून मांडे करणाऱ्या दोन बायांना बोलावले. उपड्या खापरावर, पुरण भरलेला उंडा दोन्ही कोपरांपर्यंत हातांवर फिरवत, झुलवत, कागदासारखा पातळ करून टाकण्याचे ते कसब पाहायला हॉटेलातील सगळे शेफ गोळा झाले. त्या बायांच्या हाताची बरोबरी तिथल्या एकालाही करता आली नसती, आणि कोणत्याही महाविद्यालयात ते शिकवलेही जात नाही. पण पहिल्या दिवशी ऐंशी पानांचा अंदाज असताना दीडशे पाने उठली आणि कणीक संपली. तेव्हा एक पदवीधर कनिष्ठ शेफ वही आणि वजनकाटा घेऊन त्यांच्याशेजारी बसला. कणीक किती भिजवली, पाणी किती, उंडा किती ग्रॅमचा, पुरण किती ग्रॅम, एक मांडा भाजायला किती वेळ, खापर तापायला किती वेळ, हे सगळे तो विचारत राहिला. ‘किती’ म्हटले की बाया ‘अंदाजाने’ एवढेच सांगत. त्याने बारा मांडे एकामागून एक तोलले, सरासरी काढली, त्यावरून एका पानाचा खर्च काढला आणि दुसऱ्या दिवसाच्या मालाची यादी रात्री अकरा वाजता भांडारात पाठवली. दुसऱ्या दिवशी काहीही कमी पडले नाही.

आचाऱ्याचे काम आणि पदवीधराचे काम यांतील फरक मला त्या वहीत दिसतो. पहिले दुसऱ्याहून हलके अजिबात नाही. चांगला आचारी लग्नसराईत जे कमावतो ते पदवीधराला पहिली काही वर्षे दिसतही नाही. मुलीला फक्त स्वयंपाकाची आवड असेल, स्वतःचे केटरिंग काढायचे असेल आणि घरच्यांची तिला जळगाव-भुसावळपलीकडे पाठवायची तयारी नसेल, तर चार वर्षे आणि लाखो रुपये घालवण्यापेक्षा राष्ट्रीय परिषदेचा फूड प्रॉडक्शनचा किंवा बेकरीचा दीड वर्षाचा पदविका अभ्यासक्रम किंवा आयटीआयमधील संबंधित ट्रेड तिला अधिक उपयोगी पडेल. पदवी लागते ती जिथे दुसऱ्याचे काम आखायचे, मोजायचे, तपासायचे आणि त्याचा जबाब वरच्याला द्यायचा असतो तिथे. मोठ्या साखळी हॉटेलांत पर्यवेक्षकाच्या वरच्या पायऱ्यांवर जायचे असेल तर आज पदवीवाचून अडते, हेही तितकेच खरे आहे.

आता कोणते काम, याचा विचार. हॉटेलचे चार मुख्य विभाग असतात: स्वयंपाकघर म्हणजे फूड प्रॉडक्शन, खाद्य-पेय सेवा म्हणजे सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. प्रवेश घेताना दहापैकी आठ मुले-मुली ‘शेफ व्हायचे’ असे सांगतात, कारण दूरचित्रवाणीवर शेफच दिसतात. पहिल्या वर्षाअखेर त्यांतील निम्म्यांचे मत बदललेले असते, आणि त्यात गैर काहीच नाही. स्वयंपाकघरात उन्हाळ्यात भट्टीसमोर दहा तास उभे राहावे लागते. सर्व्हिसमध्ये दुपार आणि रात्र अशी तुटक पाळी, जिला आम्ही ब्रेक शिफ्ट म्हणतो, ती दिवस खाऊन टाकते. फ्रंट ऑफिसला भाषा आणि डोके दोन्ही थंड लागतात. माझ्या हाउसकीपिंगविषयी लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. एका पाळीत एका व्यक्तीकडे साधारण चौदा ते सोळा खोल्या असतात. पाहुणा सोडून गेलेल्या खोलीला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो आणि तेवढ्यात पलंगाच्या चादरीचा कोपरा ४५ अंशांत दुमडण्यापासून न्हाणीघरातील नळावरचे पाण्याचे डाग पुसण्यापर्यंत सगळे व्हावे लागते. पदवीधर मुलगी हे काम आयुष्यभर करत नाही, पण काही महिने तरी ते तिने केलेच पाहिजे, नाही तर पुढे कोणाकडून करून घेता येत नाही. ‘पोरगी शिकून लोकांच्या खोल्या झाडते’ असे गावात कोणी म्हणाले तर घरच्यांना ते सोसेल का, हे मामांनी बहिणीशी आजच बोलून घ्यावे. माझ्या वडिलांना ते सोसायला दोन वर्षे लागली.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की प्रवेशाची फी भरण्याआधी भाचीला जळगाव किंवा भुसावळमधील एखाद्या बऱ्या हॉटेलात, ओळखीने का होईना, पंधरा दिवस सकाळी सात ते दुपारी चार काम करू द्यावे. तिला पगार मिळाला नाही तरी चालेल. पंधराव्या दिवशीही तिचा विचार कायम असेल तर पुढचा सगळा खटाटोप करण्यात अर्थ आहे.

आता पदव्यांकडे येते. भारतात या क्षेत्राची मुख्य राष्ट्रीय व्यवस्था म्हणजे पर्यटन मंत्रालयाने १९८२ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद. तिच्याशी संलग्न संस्थांना सगळे आयएचएम म्हणतात. त्यांच्यातील सर्वांत जुनी, मुंबईच्या दादरची संस्था १९५४ ची आहे. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने ती सुरू केली, आणि मुलीला या व्यवसायात पाठवायला कचरणाऱ्या आईवडिलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. या संस्थांतील बी.एस्सी. तीन वर्षांची, सहा सत्रांची असते. तिची पदवी पूर्वी इग्नूमार्फत मिळे, आता दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या नावाने मिळते. प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरील संयुक्त परीक्षा असते, कोणत्याही शाखेची बारावी इंग्रजी विषयासह चालते आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. हॉटेलवाल्यांमध्ये या पदवीचे नाव आहे ते मुख्यतः या संस्थांच्या जुन्या विद्यार्थ्यांमुळे. देशातील कोणत्याही मोठ्या हॉटेलात कोणत्या ना कोणत्या खुर्चीवर त्यांच्यापैकी एक जण बसलेला असतोच.

इथे एक सावधगिरी. ‘आयएचएम’ ही अक्षरे कोणी राखून ठेवलेली नाहीत. छत्रपती संभाजीनगर येथील प्रसिद्ध आयएचएम ही खासगी संस्था आहे. ताज समूहाशी आणि इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाशी असलेल्या संबंधांमुळे तिचा दर्जा आणि लौकिक वेगळ्या प्रकारचा आहे, फीही वेगळ्या प्रकारची आहे. ती चांगली की वाईट हा मुद्दा नाही. पण नावातील तीन अक्षरे पाहून ती केंद्रीय परिषदेची संस्था समजणारे पालक मला दर वर्षी भेटतात. याहून बरीच लहान खासगी दुकाने हीच अक्षरे पाटीवर लावतात, म्हणून परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव आहे का, हे स्वतः पाहावे.

दुसरा रस्ता म्हणजे बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंग तंत्रज्ञानाची चार वर्षांची पदवी. तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते आणि महाराष्ट्रात तिचे प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे कॅप म्हणतात तिच्यातून होतात. पुण्यात शिवाजीनगरला राज्य शासनाने स्थापन केलेली हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे. कॅपचा अर्ज भरताना खानदेशातील विद्यार्थ्याने तिचे नाव वरच्या पसंतीत ठेवावे असे मला वाटते. चौथ्या वर्षाचा एक खरा फायदा आहे: पुढे अमेरिका किंवा कॅनडात उच्च शिक्षणाला जायचे झाल्यास शालेय शिक्षणासह सोळा वर्षांचे शिक्षण मागणारी विद्यापीठे तिथे बरीच आहेत आणि तीन वर्षांच्या पदवीवाल्याला मध्ये आणखी काही तरी करावे लागते. भाची भारतातच राहणार असेल तर मात्र चौथे वर्ष म्हणजे नोकरीतील एक वर्ष कमी, एवढाच त्याचा हिशेब.

तिसरा गट विद्यापीठांच्या बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी स्टडीजचा आणि बीबीएचा. पहिल्यात संस्था चांगली निघाली तर काहीच वावगे नाही. बीबीएच्या नावाखाली मात्र इतके प्रकार चालतात, की एकच मत देता येणार नाही. २०२४ पासून बीबीएसारखे अभ्यासक्रमही तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांच्यासाठीही सामाईक परीक्षा सुरू केली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून परीक्षेला वळसा घातल्याचे आपण पाहिले. ज्या बीबीएमध्ये प्रशिक्षणासाठीचे स्वयंपाकघर नाही, सरावासाठी रेस्टॉरंट आणि खोली नाही, तिथे हॉटेल हा शब्द फक्त माहितीपत्रकात असतो.

आणि जे करूच नये ते एकाच वाक्यात: दूरस्थ किंवा ऑनलाइन हॉटेल मॅनेजमेंटची पदवी देऊ करणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्या विषयांच्या पदव्या या पद्धतीने देण्यास मनाई केली आहे त्यांच्या यादीत हॉटेल व्यवस्थापन, केटरिंग तंत्रज्ञान आणि पाककलाशास्त्र ही तिन्ही नावे आहेत.

समुपदेशकाच्या फोनकडे आता वळते. ‘कॅपच्या भानगडीत पडू नका’ हे वाक्य मामांना सर्वांत महागात पडू शकते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने घेतलेल्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थेने व्यवस्थापन कोट्यातून थेट दिलेला प्रवेश त्यात बसत नाही, खासगी विद्यापीठे आणि खासगी अभिमत विद्यापीठेही बसत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून भोजन-निवासाची रक्कम मिळते, आणि नंदुरबारच्या व आमच्या यावल-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातील मुलांनी ती अवश्य तपासावी. मामांनी जात, उत्पन्न किंवा प्रवर्ग कळवलेला नाही. पण केळी-कापसाच्या मध्यम शेतीवरील घर या अटींत बसण्याची शक्यता बरीच आहे आणि तसे असेल तर नऊ लाखांचा जो आकडा त्यांना सांगितला गेला, त्याचा मोठा भाग केवळ प्रवेशाचे दार बदलल्याने वाचतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून काढायला वेळ लागतो; जूनच्या गर्दीत सेतूपुढे रांगेत उभे राहण्यापेक्षा ती कामे आजच सुरू करावीत.

नऊ लाखांचा दुसरा अर्थही पाहावा. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी नऊ लाखांचे कर्ज घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,९०० रुपये पडतो. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या पाहण्यात आलेल्या नव्या पदवीधरांना मोठ्या शहरातील हॉटेलांत सुरुवातीला हातात साधारण १५ ते २२ हजार पडतात, जेवण ड्यूटीवर मिळते आणि राहण्याची सोय सगळीकडे नसते. म्हणजे पगारातील अर्ध्याहून अधिक रक्कम हप्त्यात जाते आणि भाडे मामा भरत बसतात. तीन लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी असते तर हाच हप्ता पाच हजारांच्या आत बसला असता आणि मुलगी स्वतः तो फेडू शकली असती. या व्यवसायात पगार वाढतो, पाच-सात वर्षांनी बराच वाढतो, पण सुरुवात लहान असते, आणि पहिल्याच वर्षी हप्त्याच्या धास्तीने हॉटेल सोडून कॉल सेंटरला गेलेली हुशार मुले मी मोजली नाहीत इतकी पाहिली आहेत. ‘शंभर टक्के नोकरी’ हे खोटे असतेच असे नाही; नोकरी मिळते, पण कोणत्या पदावर, किती पगारावर, किती महिन्यांसाठी, हे त्या वाक्यात नसते.

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भर आहे तिच्याकडे येते. प्रत्येक चांगल्या पदवीत एक सत्र इंडस्ट्रियल ट्रेनिंगचे असते, साधारण १७ ते २० आठवडे, आणि त्यात चारही विभागांत आळीपाळीने काम करणे अपेक्षित असते. माझ्या प्रशिक्षणात मुंबईतील ज्या हॉटेलात मला पाठवले होते तिथे मी पहिले सलग सात आठवडे स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला कांदे-बटाटे सोलत होते. फ्रंट ऑफिसमध्ये मला एकही दिवस उभे केले नाही, पण शेवटी माझ्या लॉगबुकवर चारही विभागांच्या सह्या होत्या. मी तक्रार केली नाही, कारण गुण त्याच सह्यांवर मिळणार होते. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी मला पाहुण्याच्या नोंदणीचे साधे प्रश्न विचारले आणि मला एकाचेही उत्तर आले नाही. सही असलेले लॉगबुक टेबलावर उघडेच होते. त्या बाई पुढे माझ्या वरिष्ठ झाल्या, हा माझ्या नशिबाचा भाग. त्यामुळे कोणतीही संस्था पाहायला जाताना मी पालकांना इमारत आणि गणवेश पाहू नका, असे सांगते. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी कोणत्या हॉटेलांत पाठवले, त्याची नावांसह यादी मागावी. त्यांतील दोन विद्यार्थ्यांचे फोन क्रमांक त्यांच्या संमतीने मागावेत. त्यांना विचारावे, की विभाग खरोखर बदलले का, स्टायपेंड वेळेवर मिळाले का, आणि मुलींच्या राहण्याची व्यवस्था कोणी केली. संस्थेचे सरावाचे स्वयंपाकघर सकाळी अकरा वाजता, प्रात्यक्षिकाच्या वेळी पाहावे. तिथे चाळीस मुले चार शेगड्यांभोवती उभी राहून एकाचा हात पाहत असतील, तर ते प्रात्यक्षिक नव्हे, प्रवचन आहे.

माळकरी घराची काळजी मी समजू शकते, कारण आमच्याही घरी एकादशी होती. नेहमीच्या अभ्यासक्रमात मांस-मासे हाताळणे आणि मद्याची माहिती असणे हे दोन्ही येते. सर्व्हिसच्या तासाला वाइनचा पेला कसा धरायचा हे शिकावे लागते, प्यावे लागत नाही. अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूर येथील केंद्रीय संस्थांनी काही वर्षांपूर्वी स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकांत केवळ शाकाहारी पर्याय सुरू केला. त्यांतील भोपाळला भुसावळहून थेट गाड्या आहेत आणि ते आपल्याला मुंबईइतकेच जवळ आहे. यंदा तो पर्याय कोणत्या तुकडीला आहे, हे संस्थेतच विचारून घ्यावे. शाकाहारी राहून हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस किंवा बेकरीत उत्तम करिअर झालेले सहकारी मला बरेच माहीत आहेत. मुख्य शेफ होण्याची महत्त्वाकांक्षा असेल तर मात्र चव न घेता मांस शिजवणे फार काळ निभत नाही, हे मुलीने स्वतःशी आधी ठरवलेले बरे.

रात्रपाळीचे बोलायचे तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलेला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामावर ठेवायचे असेल तर तिची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घरापर्यंत वाहतूक द्यावी लागते. बऱ्या हॉटेलांत ही गाडी ठरलेली असते. प्रशिक्षणार्थी मुलींच्या बाबतीत काही ठिकाणी ती विसरली जाते, म्हणून प्रशिक्षणाला निघण्यापूर्वी हे लेखी विचारावे आणि लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीत कोण आहे, तेही मुलीला माहीत असावे.

इंग्रजीबद्दल मामांनी काही विचारलेले नाही, पण खानदेशातील मुले अडतात ती इथेच. राष्ट्रीय परीक्षेत इंग्रजीला मोठा वाटा आहे आणि पुढे शिकवणे इंग्रजीतच होते. माझे स्वतःचे इंग्रजी पहिल्या वर्षी इतके बेताचे होते, की फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जात असे. त्यावर उपाय म्हणून आमच्या एका शिक्षकांनी मला रोज संध्याकाळी एकच काम दिले: आज जे केले ते पाच वाक्यांत इंग्रजीत लिहायचे आणि मोठ्याने वाचायचे. दीड वर्ष केले. व्याकरणाच्या वर्गाची फी भरण्याआधी भाचीने हे करून पाहावे. अहिराणी किंवा मराठी हेल लपवण्याचे कारण नाही; पाहुण्याला हेलाची अडचण होत नाही, अर्धवट वाक्यांची होते.

आणखी दोन रस्ते नुसते सांगून ठेवते. ओबेरॉय समूहाचा स्टेप नावाचा कार्यक्रम बारावीनंतर तीन वर्षांचा असून त्यात हॉटेलातच काम करत शिकता येते, स्टायपेंड मिळते आणि सोबत इग्नूची पर्यटन विषयातील पदवी होते. निवड कडक असते, पण ज्याच्या घरी फीला पैसे नाहीत अशा चुणचुणीत मुलीसाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. दुसरे, पदवी म्हणजे फक्त हॉटेल नव्हे. रुग्णालये, विमानतळ, मोठ्या कंपन्यांची अतिथिगृहे आणि कॅन्टीन, शिवाय रेल्वेचे खानपान पाहणारी आयआरसीटीसी यांना हेच मनुष्यबळ लागते. आयआरसीटीसी हॉस्पिटॅलिटी मॉनिटरची कंत्राटी पदे भरते तेव्हा हॉटेल व्यवस्थापनाची पदवी मागते, आणि भुसावळच्या आसपासच्या घरांना रेल्वेचे वळण काही नवे नाही. पदवी घेऊन खानदेशातच परत यायचे म्हटले तर आज चांगल्या पगाराच्या जागा मोजक्या आहेत. अजिंठ्याला जळगावमार्गे येणारा पाहुणा बहुधा रात्री मुक्कामाला थांबत नाही, तोरणमाळचा हंगाम छोटा आहे, सारंगखेड्याची यात्रा काही दिवसांची. बाहेर आठ-दहा वर्षे काढून अनुभव आणि थोडी शिल्लक घेऊन परतलेल्यांनी इथे चांगले व्यवसाय उभे केले आहेत. पदवी घेऊन थेट परतलेल्यांना बहुधा मंगल कार्यालयाची व्यवस्था पाहण्यावर समाधान मानावे लागले.

तर भाचीसाठी यंदाचा क्रम मी असा लावीन. कॅपचा अर्ज वेळेत भरावा, पुण्याच्या शासकीय संस्थेला वरची पसंती द्यावी, त्याखाली प्रशिक्षणाची यादी दाखवणाऱ्या दोन-तीन संस्था घालाव्यात आणि सर्व फेऱ्या संपेपर्यंत कोणालाही जागा राखण्याचे पैसे देऊ नयेत. तिथे मनासारखी जागा मिळाली तर चार वर्षांची बीएचएमसीटी करावी. न मिळाल्यास नऊ लाखांच्या थेट प्रवेशाकडे न वळता एक वर्ष थांबावे, त्या वर्षात जळगाव किंवा नाशिकच्या हॉटेलात पगारी काम करावे, इंग्रजीवर मेहनत घ्यावी आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय परीक्षा द्यावी. तिचा अर्ज बहुधा हिवाळ्यातच निघतो, त्यामुळे डिसेंबरपासून रोज संकेतस्थळ पाहावे. यंदा राहिला तो तिथेच राहिला. एक वर्ष वाया गेले असे नातेवाईक म्हणतील. मी मुलाखतीला बसले असते, तर बारावीनंतर वर्षभर हॉटेलात काम करून मग प्रवेश घेतलेल्या मुलीचा अर्ज गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला असता.

समुपदेशकाचा पुन्हा फोन आलाच, तर मामांनी त्यांच्याकडे दोनच कागद मागावेत: तंत्रशिक्षण परिषदेचे चालू वर्षाचे मान्यतापत्र, आणि मागच्या तुकडीला मिळालेल्या नोकऱ्यांची यादी, ज्यात प्रत्येकाचे पद आणि पहिला पगार लिहिलेला असेल.